संगणकावरील खेळ : रचनेचीं व बांधणीचीं साधनें

एखादी वस्तु तयार करणें व ती दुसऱ्याच्या हातीं सुखरूप पोंचविणें ह्या दोन निराळ्या विद्या आहेत. रत्नागिरीच्या बागाईतदाराला आंबा उत्तम पिकवितां आला म्हणजे भागत नाहीं. तो गवताच्या थरांत नीट बसवून, पेटी ठोकून, मुंबईच्या बाजारांत न डागाळतां उतरेल अशी तजवीजही त्याला करावी लागते. संगणकावरील खेळांची गोष्ट अशीच आहे. अलीकडे आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपैकीं पुष्कळांना असे खेळ नुसते खेळण्याचीच नव्हे, तर स्वतः रचण्याची हौस वाटूं लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु खेळ स्वतःच्या यंत्रावर सुरेख चालतो, आणि तोच मित्राच्या यंत्रावर किंवा घरच्या मोबाइलवर उघडतच नाहीं, असा अनुभव येऊन कित्येकांचा उत्साह मावळतो. म्हणून खेळ रचण्याचीं साधनें कोणतीं, तयार झालेला खेळ बांधून देण्याचीं साधनें कोणतीं, आणि ह्या दोहोंची निवड करितांना कोणत्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, ह्यांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, खेळ चालतो म्हणजे काय होतें. पडद्यावर चेंडू उडतांना दिसतो, तो वस्तुतः उडत नसतो. संगणक दर सेकंदाला बहुधा ६० चित्रें काढतो. म्हणजे एका चित्रासाठीं त्याला सेकंदाचे सुमारें १७ सहस्रांश एवढाच अवधि मिळतो. तेवढ्यांत खेळणाऱ्यानें कोणती कळ दाबली तें पाहणें, चेंडूची नवी जागा गणितानें ठरविणें, तो भिंतीवर आदळला कीं काय तें तपासणें, आवाज करणें व सगळें चित्र पुनः काढणें, एवढीं कामें त्याला उरकावीं लागतात. हीच फेरी खेळ संपेपर्यंत अखंड चालूं असते. प्रत्येक खेळाच्या मुळाशीं हें चक्र एकच असल्यामुळें तें दर वेळीं नव्यानें लिहिण्यांत अर्थ नाहीं. हें चक्र आयतें देणारें, आणि त्याच्या जोडीला चित्रें, आवाज व टक्कर यांची व्यवस्था पाहणारें जें सॉफ्टवेअर, त्यालाच गेम इंजिन असें म्हणतात.

अशीं इंजिनें आज पुष्कळ आहेत. त्यांपैकीं पांचांचाच परामर्श येथें घेऊं. कारण हीं पांच नीट पाहिलीं कीं बाकीच्यांची जात ओळखतां येते.

पहिलें स्क्रॅच. काटेकोरपणें पाहिल्यास ह्याला इंजिन म्हणतां येणार नाहीं. तें मुलांसाठीं केलेलें रचनेचें साधन आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या मीडिया लॅबमध्यें मिचेल रेझ्निक व त्यांचे सहकारी यांनीं तें सिद्ध करून २००७ सालीं लोकांपुढें ठेविलें. यांत आज्ञा लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळे एकांत एक बसवावयाचे असतात. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहींत, त्यामुळें नवशिक्याला व्याकरणाच्या चुकांचा जाच होत नाहीं. मात्र खेळ मोठा होऊं लागला कीं ठोकळ्यांचा पसारा आवरतां आवरत नाहीं.

दुसरें लव्ह. हें अगदीं लहान व हलकें आहे. यांत लुआ नांवाची भाषा लिहावी लागते. ही भाषा ब्राझील देशांत रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठांत १९९३ सालीं जन्मास आली. लव्हमध्यें चित्रें मांडण्याची सजविलेली खिडकी नाहीं, बटणांच्या रांगा नाहींत. साध्या फाइलींत लिहावें आणि चालवून पाहावें. जुन्या व दुबळ्या संगणकावरही हें सुखानें चालतें. हलकें साधन म्हणजे हलका खेळ, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. २०२४ सालीं सर्व जगभर गाजलेला ‘बलात्रो’ हा पत्त्यांचा खेळ लव्हवरच रचलेला आहे.

तिसरें गोडो. अर्जेंटिनांतील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सुर या दोघांनीं तें प्रथम आपल्या धंद्याच्या सोयीसाठीं रचिलें व २०१४ सालीं एम. आय. टी. परवान्याखालीं सर्वांस खुलें केलें. ह्या परवान्याचा मथितार्थ असा कीं, साधन कोणींही वापरावें, त्यांत फेरफार करावे, आपला खेळ विकावा. मूळ परवान्याचा उल्लेख कायम ठेवला म्हणजे झालें. ह्यांतील प्रत्येक खेळ म्हणजे एक वंशवृक्ष असतो : खोलीच्या पोटीं भिंती, भिंतीजवळ खेळाडू, खेळाडूच्या पोटीं त्याचें चित्र व आवाज. साधनाचें डाउनलोड शंभर मेगाबाइटांच्या आंत आहे, आणि तें अँड्रॉइड फोनवरही चालतें. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांना ही सोय मोलाची वाटेल.

चौथें युनिटी. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें उदयास आलेलें हें इंजिन २००५ सालीं प्रसिद्ध झालें. यांत सी शार्प ही भाषा लागते. मोबाइलवरील खेळांच्या धंद्यांत याचा प्रसार मोठा आहे. शिकविणारीं पुस्तकें व चित्रफिती विपुल, आणि घरगुती खेळयंत्रांसाठीं खेळ बांधण्याची वाटही रुळलेली. गोडोची ही वाट तितकी सरळ नाहीं; कारण त्या यंत्रांचे कर्ते आपलीं साधनें गुप्त ठेवितात, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्यें तीं घालतां येत नाहींत. त्यामुळें गोडो वापरणाराला त्या कामीं दुसऱ्या कंपन्यांचें साहाय्य घ्यावें लागतें.

पांचवें अनरिअल. अमेरिकेंतील एपिक गेम्स या कंपनीनें १९९८ सालच्या त्याच नांवाच्या खेळासाठीं तें रचलें. छायाप्रकाशाचें जें वैभव यांत साधतें त्याला तोड क्वचितच सांपडेल; परंतु त्यासाठीं बलाढ्य संगणक व कित्येक दहा गिगाबाइट जागा हवी. आपल्या पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ ह्याच इंजिनावर रचून २०२० सालीं प्रसिद्ध केला. भारतीय पुराणकथांचें वातावरण असलेल्या ह्या खेळानें, हीं साधनें परदेशांत घडलीं तरी त्यांतून आपली गोष्ट सांगतां येते, हें दाखवून दिलें.

आतां ह्या साधनांतील खरा भेद कशांत आहे ? पुष्कळांना तो चित्रांच्या झगमगाटांत दिसतो. आमच्या मतें तो अटींत आहे. याचें ठळक उदाहरण २०२३ सालीं घडलें. त्या वर्षीं १२ सप्टेंबरला युनिटीच्या चालकांनीं असें जाहीर केलें कीं, ठराविक उत्पन्न व ठराविक प्रसार यांची मर्यादा ओलांडणाऱ्या खेळाच्या कर्त्याकडून १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक नव्या स्थापनेमागें, म्हणजे खेळ एखाद्या यंत्रावर बसविला गेला कीं त्यामागें, शुल्क घेतलें जाईल. जे खेळ आधींच प्रसिद्ध झाले होते तेही ह्या नियमाखालीं येणार होते. घर बांधून झाल्यावर विटा विकणाऱ्यानें, आतां दर पाहुण्यामागें पैसे द्या, असें म्हणावें, तसा हा प्रकार अनेकांना वाटला. मोठा गहजब झाला. दहा दिवसांत अटी सौम्य कराव्या लागल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें तें शुल्क अजिबात रद्द करण्यांत आलें. परंतु मध्यंतरीं विश्वासाला तडा गेला तो गेलाच. ‘टेरॅरिया’ या खेळाचे कर्ते रि-लॉजिक स्वतः गोडो वापरीत नसतांही त्यांनीं त्या प्रकल्पास १,००,००० डॉलरांची देणगी दिली, आणि ‘स्ले द स्पायर’चे कर्ते मेगा क्रिट यांनीं आपल्या खेळाचा दुसरा भाग युनिटी सोडून गोडोमध्यें रचावयास घेतला. अनरिअलच्या अटीही पैशाशीं निगडित आहेत : एखाद्या खेळाचें एकंदर उत्पन्न दहा लाख डॉलरांच्या वर गेलें कीं वरच्या रकमेवर शेंकडा ५ या दरानें हिस्सा द्यावा लागतो. ही अट विद्यार्थ्याला जाचक नाहीं. पण अट आहे एवढें ठाऊक असणें, आणि ती नसल्याच्या समजुतींत राहणें, यांत महदंतर आहे.

दुसरी कसोटी आपल्या भाषेची. ‘कि’ हें अक्षर घ्या. संगणकाच्या स्मरणांत आधीं ‘क’ व मागाहून वेलांटी असा क्रम असतो, पण पडद्यावर वेलांटी डावीकडे दिसली पाहिजे. तसेंच ‘क्ष’, ‘र्क’, ‘त्र’ यांत दोन वर्णांचें एकच रूप व्हावें लागतें. इंग्रजीप्रमाणें एकामागून एक अक्षर मांडणारें साधन येथें फसतें, आणि मराठी मजकुराची चिरफाड होते. गोडोमध्यें ही अक्षरजुळणी २०२३ सालच्या ४.० या आवृत्तीपासून नीट होऊं लागली; त्यापूर्वीं ती नव्हती. अनरिअलमध्यें ती आहे. युनिटींत प्रचलित असलेल्या टेक्स्टमेशप्रो या साधनांत ती आपोआप होत नसल्यामुळें पुष्कळांना निराळीं जोडसाधनें शोधावीं लागलीं. लव्हच्या अकराव्या मालिकेंतही ती नाहीं. तेथें मराठी वाक्य आधीं चित्र म्हणून तयार करून वापरण्याची युक्ति करावी लागते. याच्या उलट, जीं साधनें ब्राउझरच्या आधारानें लिहितात त्यांना हा प्रश्न पडत नाहीं, कारण ब्राउझर देवनागरी शुद्ध लिहितो. म्हणून आमचें सांगणें असें कीं, नवें साधन हातीं येतांच प्रथम त्यांत ‘क्षितिज’ हा शब्द लिहून पाहावा. तो नीट उमटला तरच पुढें जावें.

येथवर रचनेचें झालें. आतां बांधणीकडे वळूं. इंग्रजींत जिला पॅकेजिंग म्हणतात ती ही क्रिया. खेळाच्या गाठोड्यांत बहुधा पांच प्रकारचें सामान असतें : यंत्राला कळेल अशा रूपांतील आज्ञा, त्या आज्ञांना लागणारीं साहाय्यक ग्रंथालयें, चित्रें, आवाज व फॉन्ट, ‘हा अमुक खेळ, त्याची अमुक आवृत्ति, त्याला अमुक परवानग्या हव्या’ अशी एक चिठ्ठी, आणि शेवटीं कर्त्याची मोहर. स्वतःच्या संगणकावर चालणारा खेळ मित्राकडे चालत नाहीं, याचें कारण बहुधा एवढेंच असतें कीं, ह्यांतील एखादी वस्तु आपल्या यंत्रावर आधींच होती आणि गाठोड्यांत घालावयाची राहून गेली. मराठी फॉन्ट हें याचें नित्याचें उदाहरण. मुंबईच्या एक टाइप या मंडळीचा ‘मुक्त’ किंवा दुसरा एखादा खुल्या परवान्याचा फॉन्ट खेळाबरोबरच बांधून दिला, म्हणजे मित्राच्या यंत्रावर अक्षरांऐवजीं चौकटी दिसत नाहींत.

हें गाठोडें आंतून कसें असतें तें पाहणें कठीण नाहीं. स्क्रॅचची ‘एसबी३’ फाइल, लव्हची ‘लव्ह’ फाइल, आणि अँड्रॉइडची ‘एपीके’ फाइल ह्या तिन्ही वस्तुतः झिप फाइलीच आहेत. नांवाचें शेंपूट बदलून ‘झिप’ केल्यास त्या उघडून आंतील सामान पाहतां येतें. लव्हनें तर ह्यावर एक मौज साधली आहे. चालणाऱ्या प्रोग्रॅमची ओळख फाइलीच्या प्रारंभीं असते, आणि झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटीं असते. तेव्हां लव्हच्या प्रोग्रॅमला खेळाची झिप मागून नुसती चिकटविली, तर विंडोजला पुढून पाहतां तो प्रोग्रॅम दिसतो, आणि लव्हला मागून पाहतां तोच खेळ दिसतो. बरोबर कांहीं ग्रंथालयें ठेविलीं कीं बांधणी पुरी झाली. गोडोची रीति थोडी निराळी आहे. त्यांत संपादनाचा भाग वगळलेलीं तयार इंजिनें, प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठीं एक याप्रमाणें, निराळीं उतरवून घ्यावीं लागतात. हा संच सुमारें एका गिगाबाइटचा असतो. आपला खेळ ‘पीसीके’ नांवाच्या एका फाइलींत जातो, आणि तो ज्या इंजिनाजवळ ठेवावा त्या जातीच्या यंत्रावर चालतो. स्क्रॅचचा खेळ स्वतंत्र करून देण्यासाठीं टर्बोवार्प पॅकेजर नांवाचें निराळें साधन आहे.

लिनक्सच्या जगांत बांधणीच्या तीन पद्धति विशेष प्रचारांत आहेत. ॲपइमेज म्हणजे प्रवाशाची शिदोरी : सर्व कांहीं एकाच फाइलींत, स्थापना करावी लागत नाहीं. फ्लॅटपॅकमध्यें सर्वांना लागणारें सामान एकदांच उतरवून तें अनेक प्रोग्रॅमांनीं वांटून घ्यावयाचें असतें, आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कुंपणांत कोंडलेला असतो. स्नॅपही असाच, परंतु त्याचें भांडार कॅनॉनिकल या एका कंपनीच्या हातीं आहे. जे ब्राउझरचें तंत्र वापरून खेळ किंवा इतर ॲप्लिकेशन रचतात त्यांच्यापुढें इलेक्ट्रॉन व टॉरी असे दोन मार्ग आहेत. इलेक्ट्रॉन प्रत्येक गाठोड्यांत संबंध क्रोमियम ब्राउझर बांधून देतो. त्यामुळें साधें घड्याळ केलें तरी तें शंभर मेगाबाइटांच्या घरांत जातें, पण सर्वत्र तें अगदीं सारखें दिसतें. टॉरी यंत्रावर असलेलाच ब्राउझर वापरतो. म्हणून गाठोडें कांहीं मेगाबाइटांत आटोपतें, पण ठिकठिकाणच्या ब्राउझरांप्रमाणें रूपांत फरक पडूं शकतो. एक घरून सगळी भांडींकुंडीं घेऊन निघतो, दुसरा यजमानाच्या घरीं चूल असेल या भरंवशावर निघतो. दोहोंचे फायदेतोटे उघड आहेत.

आतां मोहरेचा विचार. अँड्रॉइडमध्यें प्रत्येक एपीकेवर कर्त्याच्या गुप्त किल्लीनें सही केलेली असते. नवी आवृत्ति आली म्हणजे फोन जुन्या सहीशीं तिची सही ताडून पाहतो, आणि ती जुळली नाहीं तर नवी आवृत्ति नाकारतो. ही किल्ली हरवली, तर ज्यांच्या फोनवर तुमचा खेळ आहे त्यांना तो काढून टाकून पुनः बसवावा लागतो, आणि त्यांची आजवरची प्रगति पुसली जाते. म्हणून किल्लीची प्रत दुसऱ्या सुरक्षित ठिकाणीं ठेवणें हें खेळ लिहिण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे. विंडोजवर सहीवांचून दिलेला प्रोग्रॅम उघडतांना सावधानतेची सूचना पुढें येते. ॲपलच्या मॅकवर तर २०१९ सालच्या कॅटलिना आवृत्तीपासून प्रोग्रॅम आधीं ॲपलकडून तपासून घेण्याचा दंडक आहे. त्यासाठीं वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. गूगलच्या दुकानाचें नोंदणीशुल्क एकदांच २५ डॉलर आहे, आणि ऑगस्ट २०२१ पासून तेथें नव्या ॲपसाठीं एपीकेऐवजीं ‘एएबी’ हें रूप द्यावें लागतें. त्यांतून प्रत्येक फोनाच्या मापाचें एपीके दुकानच तयार करतें. स्टीमवर दर खेळामागें १०० डॉलर आहेत. इच आयो या संकेतस्थळावर असें प्रवेशशुल्क नाहीं. वेबसाठीं बांधलेल्या खेळाची झिप तेथें चढविली कीं दुवा पाठवून कोणालाही तो खेळतां येतो. एक गोष्ट मात्र ध्यानांत असावी कीं, गोडोनें वेबसाठीं बांधलेला खेळ स्वतःच्या संगणकावर फाइलीवर टिचकी मारून उघडत नाहीं; तो सर्व्हरवरून यावा लागतो.

शेवटचा प्रश्न आयुष्याचा. आज बांधलेलें गाठोडें दहा वर्षांनीं उघडेल काय ? ॲडोब कंपनीच्या फ्लॅशवर एके काळीं असंख्य लहानमोठे खेळ रचले गेले; त्यांत शाळकरी मुलांनीं रचलेलेही पुष्कळ होते. ३१ डिसेंबर २०२० रोजीं कंपनीनें फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरनें ते खेळ चालविण्याचें नाकारलें. खेळांत कांहीं बिघाड झाला नव्हता. ते ज्या कुलपांत होते त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत होती. पुढें स्वयंसेवकांनीं रफल नांवाचें मुक्त साधन रचून त्यांतील पुष्कळ खेळ पुनः जिवंत केले. आतां याच्या जोडीला स्क्रॅचचें वर्तन पाहा. २०१३ सालची त्याची दुसरी आवृत्ति फ्लॅशवरच उभी होती. परंतु संकट येण्यापूर्वींच, जानेवारी २०१९ मध्यें, कर्त्यांनीं ब्राउझरच्या स्वतःच्या तंत्रावर तिसरी आवृत्ति नव्यानें लिहून काढली, आणि मुलांचे जुने खेळ तींत उघडतील अशी व्यवस्था ठेविली. ज्या मुलानें २०१४ सालीं मांजराला उडी मारावयास शिकविलें, त्याचें मांजर आजही उडी मारतें.

ह्या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा. अगदीं नवशिक्यानें स्क्रॅच घ्यावें. ज्याचा संगणक दुबळा पण लिहिण्याची हिंमत दांडगी, त्यानें लव्ह घ्यावें. ज्याला मराठी मजकुराचा खेळ करावयाचा आहे आणि तो सर्वस्वी आपला राहावा अशी इच्छा आहे, त्याला गोडो सोईचें पडेल. पुढें ह्याच धंद्यांत नोकरी करावयाची असल्यास युनिटीची ओळख उपयोगी पडते. आणि चारसहा जणांचा मेळ, उत्तम संगणक व भव्य दृश्यांची हौस असेल तर अनरिअल आहेच. परंतु कोणतेंही साधन घ्या, निवडीपूर्वीं तीन प्रश्न विचारा : ह्यांत माझी भाषा शुद्ध उमटते काय ? माझें काम ह्यांतून कोणत्या वाटेनें व कोणाच्या अटींवर बाहेर पडतें ? आणि साधनाचा कर्ता उद्यां हात आखडता घेईल तर माझ्याजवळ काय उरेल ?

आणखी एक व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करितों. खेळ संपूर्ण झाल्यावर बांधणीकडे वळूं, असें म्हणूं नये. पडद्यावर एक चेंडू इकडून तिकडे जाऊं लागला, कीं त्याच दिवशीं त्याचें गाठोडें बांधून तें दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रावर उघडून पाहावें. काय राहून गेलें तें त्या एका चेंडूनेंच कळतें, आणि तेव्हां तें दुरुस्त करावयास एक संध्याकाळ पुरते. तेंच सहा महिन्यांच्या श्रमानंतर कळलें तर महिनाही पुरत नाहीं. मूळ लिखाण, चित्रें व सहीची किल्ली यांची एक प्रत घरीं व एक घराबाहेर ठेवावी. इतकें ज्यानें केलें, त्याचा खेळ लहान असला तरी तो दुसऱ्याच्या घरीं पोंचेल. आणि दुसऱ्याच्या घरीं पोंचलेला लहान खेळ हा स्वतःच्याच संगणकांत अडकून पडलेल्या मोठ्या खेळाहून केव्हांही श्रेष्ठ होय.